नौबादहून एकही प्रश्न नाही

३ जुलै २०१०, शनिवार. बेंगळूर.

ही डायरी गेल्या सालची आहे. संस्थेत उरली होती, वॉचमननं दिली. आजच्या पानावर शुक्रवार छापलाय. तो खोडून मी शनिवार केला. आता वर्षभर असंच खोडत बसायचं.

कामाची वही वेगळी आहे. ती इंग्रजीत भरायची. लाइन किती वाजता लागली, किती वाजता तुटली, कुठल्या केंद्रातून किती प्रश्न आले. अक्षरं मी बघून बघून काढतो. पण मनातलं लिहायला त्यात रकाना नाही, म्हणून ही.

मी सिद्धराम. गाव मेहकर, तालुका भालकी. शाळा सातवीपर्यंत, तीपण मराठी. मग सोलापूर, हैदराबाद, पुणे, परत हैदराबाद. एका जागी सहा महिने झाले की माझे पाय खाजवायला लागतात. बेंगळूरला केबलचे चर खणायला आलो. मग केबल ओढायला लागलो. ती केबल या संस्थेत शिरली, तिच्या मागं मी शिरलो. कॅमेरावाला सोडून गेला तेव्हा मल्लिकार्जुन साहेब म्हणाले, "बटणं बघितलीस ना? मग उभा राहा." दोन वर्षं झाली. एवढं मी कुठंच टिकलो नव्हतो.

आजपासून नवीन कारभार. बी.ए.चा वर्ग. सुधारानी मॅडम इथं एका बंद खोलीत कॅमेऱ्यासमोर अर्थशास्त्र शिकवणार आणि बारा गावांतली माणसं आपापल्या केंद्रात बसून पडद्यावर बघणार. शनिवार-रविवार पडदा आणि महिन्यातून एक रविवार खरे मास्तर समोर. अर्धं तारेतून, अर्धं तोंडानं. काही विचारायचं असेल तर केंद्रात माइकचं लाल बटण दाबायचं, इथं माझ्यासमोर त्या गावाचा दिवा लागतो, मग बोलायचं.

बारातलं एक केंद्र बिदरचं नौबाद. तिथं मंगल बसणार. माझी बायको. बारावी पास आहे. फॉर्म मीच भरला. माझे वडील, अप्पा, म्हणाले, "वरीसभर बघू. जमलं तर जमलं, न्हाईतर रान हायच." नौबाद सोडलं तर जवळचं केंद्र गुलबर्ग्याला. मेहकरहून तिथं कोण पाठवणार तिला?

४ जुलै, रविवार.

दोन दिवस झाले, एक गोष्ट कळत नाही. माझ्यासमोर एक टीव्ही आहे, त्यात बारा चौकोन, बारा वर्ग. मॅडमला तो दिसत नाही, त्यांना फक्त कॅमेऱ्याची काच दिसते. अकरा चौकोनांत डोकी दिसतात. नौबादच्या चौकोनात नुसती पोटं. पदर, निऱ्या, एक पट्टा, हातात वही. दोन्ही दिवस, पन्नास-पन्नास मिनिटं, पोटं.

साहेब म्हणाले, "त्यांनी कॅमेरा खाली लावलाय. गावंढळ लोक." मला तसं वाटत नाही. शुक्रवारी तपासणीला खुर्चीत बसलेल्या सिद्धलिंगप्पा मास्तरांचं डोकं बरोबर मधोमध होतं. मास्तर म्हणजे तिथले केंद्रप्रमुख, रिटायर हेडमास्तर.

मंगल कुठली ते मी निऱ्यांवरून शोधत होतो. सापडली नाही.

५ जुलै.

मास्तरांना फोन केला. "मास्तर, जरा आमच्या घरच्यांना द्या की, आज पुस्तकं घ्यायला येणार होत्या."

"कोण घरचे? हितं सगळ्याच कुणाच्या न कुणाच्या घरच्या हायत," मास्तर म्हणाले आणि हसले. पण दिला.

मंगलला विचारलं, कॅमेरा कुणी हलवला का.

"कुणी न्हाई हलिवला. आमी उभ्या हाव."

"कामून?"

"मॅडम आल्या की उठलो सगळे. मग त्या बसा म्हनल्याच न्हाईत."

"दोन्ही दिवस?"

"शिकवायला लागल्या डायरेक्ट. मास्तरबी उभेच. आता मास्तर उभे असल्यावर बसायचं कोण? बसव्वाचे तर पाय सुजलेत. अंगणवाडीत दिवसभर उभी, हितंबी उभी."

मी हसलो. मग मला वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? मीबी उभाच होतो की, दोन तास, कॅमेऱ्यामागं.

१० जुलै, शनिवार.

मॅडमशी बोलायचं माझं काम नाही. माझं काम कार्ड दाखवायचं. वेळ किती उरला ते मोठ्या अक्षरात कानडीत लिहिलेली तीन कार्डं आहेत: दहा मिनिटं, पाच मिनिटं, संपवा. मी सकाळी चौथं कार्ड केलं. 'नौबादला बसा म्हणा.'

मॅडमनी वाचलं, अडखळल्या, परत वाचलं. मग काचेकडं बघून म्हणाल्या, "नौबाद, बसा." दोन सेकंद लागतात आवाज पोचायला. दोन सेकंदांनी पोटं खाली गेली आणि त्यांच्या जागी एकदम एकतीस डोकी आली. तिसऱ्या ओळीत भिंतीकडून दुसरी, हिरवा पदर. नखाएवढी दिसते. पण मान तिरकी करून ऐकायची लकब तिचीच. कळपात आपलं मेंढरू शोधायला अप्पांना आकडे लागत नव्हते, तसंच हे.

ती मला बघू शकत नाही. मी तिला बघतो. लग्नाला चार वर्षं झाली, एवढा वेळ सलग तिच्याकडं मी कधी बघितलं नव्हतं.

११ जुलै.

मंगलचा फोन. म्हणे, पडदा बंद झाला की व्हरांड्यात नुसता गलका. डबे उघडतात आणि प्रश्नावर प्रश्न. एक मी लिहून घेतला. भाव घेणारा आणि विकणारा मिळून ठरवतात म्हणतंय पुस्तक, मग अडतीत रुमालाखाली बोटं धरून दोन दलाल ठरवतात तो भाव कुठल्या नियमात बसतो?

"मग बटण दाबून विचार की!"

"तुमीच विचारा. तुमी त्यांच्या शेजारी तर हाव."

"मी शेजारी नाही, समोर आहे."

"मग तर लईच सोपं."

१७ जुलै, शनिवार.

कार्डावर लिहून दाखवला. मॅडमनी वाचला आणि खुर्ची पुढं ओढली. "नौबादवाल्यांनी फार चांगलं विचारलंय," म्हणाल्या आणि अर्धा तास रुमालावरच बोलल्या. धारवाडच्या चौकोनातले लोकपण लिहायला लागले.

मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तुझ्याकडं कसा आला हा प्रश्न?"

"आमच्या घरातून विचारलंय, मॅडम."

"घरातून म्हणजे?"

"नौबादला... घरातले शिकतात."

त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. माझं कानडी बिदरकडचं, इथले लोक त्याला हसतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या वडिलांचं गाव निंबर्गा, आळंद तालुका. आजी मराठी-कानडी मिसळून बोलायची.

२५ जुलै, रविवार.

माझा मोबाइल बंद होता, तर मंगलनं संस्थेच्या फोनवर लावला. वॉचमन मला सांगत होता, "अरे, कोण पाहिजे विचारलं तर ती बाई म्हणते, 'मेहकरचे.' मेहकरचे कोण? 'कॅमेऱ्यापाशी उभारतेत ते.' नाव काय? तर फोन ठेवला! तुझी बायको आहे की सीआयडी?"

तेव्हापासून सगळे मला 'कॅमेऱ्यापाशी' म्हणायला लागलेत. मंगलला विचारलं, नाव सांगायला काय झालं होतं? म्हणाली, "लाइन कटली." असेल. तिकडं लाइन कटतेच.

आज तीन प्रश्न दिले कार्डावर. दोन नौबादचे. तिसरा माझा होता. सोनं महाग होतं तसे लोक जास्त घेतात, मग महाग झालं की मागणी कमी होते हे कसं? मॅडम म्हणाल्या, "नौबाद विचारतंय," आणि समजावलं. मला समजलंपण. हे खोटं झालं का? आठवडाभर डोक्यात सोनंच होतं. कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं.

८ ऑगस्ट, रविवार.

वाईट बातमी. साहेबांनी महिन्याचा कागद काढला. प्रश्नांच्या रकान्यात धारवाडचे एकेचाळीस, हासनचे तेवीस. नौबाद शून्य. एका माणसानं एकदा परीक्षा कधी आहे विचारलं होतं, ते प्रश्नात धरत नाहीत.

मी म्हणालो, साहेब, प्रश्न येतात की, मी कार्डावर...

"कार्डावर? बटण दाबून, नाव सांगून, रेकॉर्ड झालेला प्रश्न तो प्रश्न. युनिव्हर्सिटी टेप बघते. टेपवर तुझं कार्ड दिसतंय का? आणि कार्ड वेळेचं. दुसरं काही त्यावर दिसलं तर तू परत चर खणायला जा."

मग म्हणाले, वर्ग मुका असेल तर केंद्र कशाला चालवायचं? नोव्हेंबरपर्यंत बघू. नाहीतर नौबाद बंद, पोरं गुलबर्ग्याला.

मंगलला सांगितलं. मागं मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या. शेवटी म्हणाली, "गुलबर्ग्याला अप्पा न्हाई पाठवायचे." मला माहीत आहे.

२१ ऑगस्ट.

बटण का दाबत नाहीत? दोन आठवडे हाच विचार. एकेक करून तपासतोय.

माइक बिघडलाय का? मास्तरांना दाबायला लावलं. "हॅलो हॅलो, नौबाद, सिद्धलिंगप्पा, हॅलो." खणखणीत.

भाषा? मॅडमचं कानडी बेंगळूरचं, पण मधे मधे मराठी शब्द टाकतात आता. बसव्वा तर कानडीच घरी बोलते.

मास्तरांची भीती? वर्गात एकतीसमधल्या सव्वीस बाया आहेत. अंगणवाडीच्या, आशा कार्यकर्त्या, काही माझ्या मंगलसारख्या. गडी पाच, गावातले बाकीचे माझ्यासारखेच लांब कुठंतरी. मास्तर कडक आहेत, माइकला प्लास्टिकची पिशवी घालून ठेवतात. पण ते स्वतःच म्हणतात, विचारा गं बायांनो, मान खाली घालू नका.

मग काय?

२९ ऑगस्ट, रविवार.

दिवा लागला! नौबादचा लाल दिवा. मॅडम थांबल्या. नियमाप्रमाणं आधी केंद्र, मग पूर्ण नाव, मग नंबर, मग प्रश्न. बसव्वाचा आवाज आला, "नौबाद. बसव्वा..." मग नुसता श्वास. मग दिवा गेला.

मॅडम म्हणाल्या, "बोला बसव्वा, ऐकतेय." काही नाही.

चौकोनात बघितलं. बसव्वा खाली बसलेली, तोंडाला पदर. बाकीच्या बाया तिच्या पाठीवर हात फिरवायल्या होत्या. कुणी मेल्यासारखं. दोन शब्द तर बोलायचे होते. नाव स्वतःचं, पुढं... कामून सोडलं असेल?

११ सप्टेंबर, शनिवार. मेहकर.

गणपतीची सुट्टी. गावात आलो. अप्पा बारीक झालेत. मंगलच्या पुस्तकांसाठी अप्पांनी स्वतः फळी ठोकलीय, शेळीच्या गोठ्याच्या आतल्या बाजूला, कारण तिथं पत्रा गळत नाही. मला म्हणाले, "सिद्ध्या, तुजी बायको मला इचारायली, मामंजी, लोकर इकायची तवा भाव कोन ठरवायचं. मी म्हनलं, घेनाराच. तर म्हनली, ते चूक हाय." अप्पांना राग आला की गंमत वाटली ते कळलं नाही. पण सांगताना दोनदा सांगितलं.

मंगल वेगळी दिसते. टीव्हीत नखाएवढी, इथं आख्खी. मला वाटलं, ही बी.ए. होईल, मी सातवी. उद्या ही माझ्याशी काय बोलेल? असं वाटलं, ते लिहून ठेवतो.

१२ सप्टेंबर, रविवार.

पोस्टमन आला. मंगलच्या अभ्यासाचं पार्सल. मी मोरीत होतो, फटीतून बघत होतो.

"पूर्ण नाव सांगा, बाई."

"मंगल."

"पुढं?"

"मेत्रे."

"मधलं? मालकाचं?"

ती आत आली, फळीवरून केंद्राचं ओळखपत्र घेतलं आणि पोस्टमनसमोर धरून बोट ठेवलं. पोस्टमन म्हणाला, "सिद्धराम व्हय. असं म्हना की!" आई चुलीपाशी हसली. मीपण हसलो. आईनं अख्ख्या जन्मात अप्पांचं नाव घेतलं नाही. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

मग मी बाहेर आलो, पार्सल फोडलं, आत एक सीडी निघाली. घरात संगणक कुठाय? मंगल म्हणाली मास्तरांकडं लावू.

१४ सप्टेंबर, मंगळवार. रेल्वेत.

वाडी जंक्शन सोडलं आणि मला कळलं.

समोर एक बाई पोराला घेऊन बसली होती. तिकीट तपासणारानं विचारलं, नाव? तिनं सांगितलं आणि पुढं पोराकडं बघितलं. पोरानं बापाचं नाव सांगितलं.

आधी केंद्र, मग पूर्ण नाव. पूर्ण नाव म्हणजे मधे मी! बसव्वाच्या मधे तिचा नवरा, तो दुबईला गवंडी आहे. सव्वीस बायांच्या मधे सव्वीस गडी. लिहायला हरकत नाही, फॉर्मवर सगळ्यांनी लिहिलंय. पण तोंडानं, मास्तरांसमोर, बारा गावांत ऐकू जाईल असं?

एवढं डोळ्यांसमोर होतं. मंगलनं वॉचमनला फोन केला तेव्हापासून. आणि मी माइक तपासत बसलो.

१८ सप्टेंबर, शनिवार.

कार्ड केलं. 'नाव नको. फक्त नंबर विचारा.' साहेब खिडकीच्या काचेपलीकडं बसले होते, त्यांच्याकडं माझी पाठ. मॅडमनी वाचलं. कपाळाला आठी पडली. मग ती आठी गेली.

"नौबाद, आज नुसता रोल नंबर सांगा. नाव नको."

दोन सेकंद. मग दोन सेकंदांच्या वर. मग दिवा.

"नौबाद. एकोणीस." बसव्वा! "मॅडम, आमच्या अंगणवाडीचा तांदूळ सरकार घेतं त्या भावाला, आमाला मिळतो त्या भावाला, मधला फरक कुनाच्या खात्यात धरायचा?"

दिवा विझेना. तेवीस, आठ, एकतीस, सतरा. सतरा मंगल. हळू बोलली, पण बोलली. एका तासात अकरा प्रश्न. मी वहीत अकरा लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

साहेबांनी बाहेर बोलावलं. कार्ड मागितलं. मॅडम मागून आल्या. "मी सांगितलं होतं त्याला लिहायला," म्हणाल्या. खोटं. सरळ चेहऱ्यानं.

मग चहाला मला समोर बसवलं आणि विचारलं, आता खरं सांग. मी सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला.

"माझ्या आजीनं नातवाला आजोबांचं नाव ठेवलं," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ. मग त्यालापण हाक मारायची पंचाईत. जन्मभर 'ए बाळा' म्हणाली. तो आता बावन्न वर्षांचा आहे. बँकेत मॅनेजर. बाळा."

९ नोव्हेंबर, मंगळवार.

मॅडमनी युनिव्हर्सिटीला पत्र घातलं होतं, नावाऐवजी नंबर चालवा म्हणून. आज उत्तर आलं. चालणार नाही. टेपवर पूर्ण नाव पाहिजे, नाहीतर कुणीही कुणाच्या नंबरावर बोलेल. सप्टेंबरपासूनचे सगळे प्रश्न बाद. अठ्ठ्याऐंशी होते. साहेबांचं पण तोंड उतरलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "या शनिवारची टेप शेवटची. मग निर्णय."

मंगलला फोन केला. सांगितलं सगळं. म्हणलं, "तू नको टेन्शन घेऊ. काहीतरी दुसरं बघू. मी परत हैदराबादला येतो, तिथं..."

"तिथं काय?"

"केबलचं काम," मी म्हणालो.

"तुमी सारखं जागा बदलिताव," ती म्हणाली. "मी एकाच जागी हाय. मला हितंच शिकायचंय."

मग म्हणाली, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

"ठणठणीत. कामून?"

"उगी."

१३ नोव्हेंबर, शनिवार.

आज धडा स्थलांतराचा होता. माणूस गाव का सोडतो. मॅडम म्हणाल्या, दोन गोष्टी असतात, गाव ढकलतं आणि शहर ओढतं. मला गंमत वाटली. पुस्तकात मी होतो! सोलापूर, पुणे, हैदराबाद सगळं पुस्तकात. पण पाय खाजवतात ते ढकलण्यात येतं का ओढण्यात, ते सांगितलं नाही.

वेळ संपत आली. मी पाच मिनिटांचं कार्ड उचलणार, तर दिवा. नौबाद.

चौकोनात बघितलं. हिरवा पदर उठला. माइकची पिशवी मास्तरांनी स्वतः काढून दिली. ती उभी राहिली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"नौबाद."

मग काहीच नाही. ती लाइन कटल्याची शांतता नव्हती. मला आता फरक कळतो. कुणीतरी श्वास घेत होतं.

"मंगल," ती म्हणाली. "सिद्धराम. मेत्रे. रोल नंबर सतरा."

चार वर्षांत पहिल्यांदा. धारवाडनं ऐकलं, हासननं ऐकलं, बारा गावांनी ऐकलं. माझं नाव तिच्या आवाजात कसं वाटतं ते मला आज कळलं. 'सि' जरा लांबवते. पुढं तिनं काय विचारलं, देवाशपथ, मी ऐकलं नाही. भानावर आलो तर मॅडम पुस्तक मिटून काचेकडं बघत होत्या. काहीतरी करायचं म्हणून मी कार्ड वर केलं, ते 'संपवा'चं निघालं.

"संपवत नाही," मॅडम म्हणाल्या. बारा गावांसमोर, मला!

मंगल बसली. बसव्वा उठली. "नौबाद. बसव्वा शरणप्पा बिरादार." एका दमात. मग अजून तिघी. एकीनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि एवढी हसली की प्रश्न शेजारणीनं आठवून द्यावा लागला.

सगळे गेल्यावर मी टेप मागं घेतली. पहिल्या वेळेला नावच ऐकलं. दुसऱ्या वेळेलापण. चौथ्या वेळेला पुढं गेलो.

"मॅडम, जे गेले त्येंचं सगळं सांगितलाव. कामून गेले, कुठं गेले. जे मागं राहतेत त्येंचं कुठल्या धड्यात हाय?"

आणि मॅडम, सात सेकंदांनी: "नाही. या पुस्तकात नाही. पुढच्या रविवारी समोरासमोरचा वर्ग आहे ना? दुसरे कुणी मास्तर नकोत, मीच येते नौबादला. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

मी मागं राहिलेल्यांत नाही. पण हा प्रश्न माझ्यावरच होता असं वाटलं. फोन केला तर मंगल आधीच विचारते, "बरे हाव ना? डोकं बिकं दुखायलं का?"

"काही नाही."

"जेवलाव?"

"व्हय."

"मग बरं," म्हणाली. "पर आता सारखं सारखं न्हाई घ्यायची मी."

थोड्या वेळानं आईचा फोन. आई कधी फोन करत नाही. "बरा हायस का रं?" एवढंच.

१५ नोव्हेंबर, सोमवार.

साहेब संगणकावर नोंद करत होते. "वही उघड. नौबाद वाच. पूर्ण नाव आणि नंबर, मी टाइप करतो." मॅडम पण होत्या, वॉचमन चहा घेऊन उभा होता.

मी वाचलं, "नौबाद. रोल नंबर सतरा."

"नाव?"

मी वही बघितली. माझ्याच हातची अक्षरं, कष्टानं काढलेली. तोंड उघडेना. आमच्या घरातले, आमच्या घरच्या, घरातून विचारलंय, असं मी चार वर्षं बोललो. मास्तरांना, मॅडमला, सगळ्यांना. या डायरीत तिचं नाव शंभरदा लिहिलं असेल, पण तोंडानं चार माणसांत? आमच्याकडं गडी माणूस असं बायकोचं नाव घेत नाही. त्याला आयुष्य कमी व्हायचं कारण नाही, नुसती लाज. आणि मी पोस्टमनसमोरच्या मंगलला हसलो होतो.

"नाव काय, कॅमेऱ्यापाशी? का लाइन कटली?" साहेब म्हणाले.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मदत करणार नाही असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

"मंगल," मी म्हणालो. "मंगल सिद्धराम मेत्रे. माझी बायको."

साहेबांची बोटं थांबली. त्यांनी वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग टाइप केलं.

"पाच प्रश्न," ते म्हणाले. "मार्चपर्यंत चालू ठेवतो. मग बघू. पुढचं नाव?"

"बसव्वा शरणप्पा बिरादार," मी म्हणालो. ते सोपं गेलं.